पाणी कोणी घातले?

१७७४ साली पॅरिसच्या ‘आने लितेरेर’ या नियतकालिकात गाब्रिएल द क्लिय नावाच्या एका वृद्ध नौदल अधिकाऱ्याचे पत्र छापले गेले. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी त्याने फ्रान्समधून कॉफीचे रोप जहाजावरून मार्टिनिक बेटावर नेले होते, त्याची ही हकीकत. वाटेत गोडे पाणी कमी पडले, माणशी मोजून पाणी मिळू लागले. तेव्हा महिनाभराहून अधिक काळ आपण आपल्या वाट्याचे पाणी त्या रोपाला वाटून दिले, असे तो सांगतो. एका सहप्रवाशाने मत्सरापोटी रोपावर हात टाकला, असेही सांगतो. कॉफीच्या इतिहासावर लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने ही गोष्ट पुन्हा सांगितलेली आहे. मराठीतही ती लोकविज्ञानाच्या लेखांतून अधूनमधून भेटते.

या गोष्टीचा साक्षीदार एकच, आणि तोच तिचा नायक. साक्षही पन्नास वर्षांनंतरची. म्हणून ती खोटी ठरत नाही. पण तिची घडण पाहण्यासारखी आहे. एक माणूस, एक रोप, एक समुद्र. रोप बेटावर उतरले की गोष्ट संपते. नंतर त्या बेटावर कॉफीची लावणी, खुरपणी आणि तोडणी कोणी केली, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. ती आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी केली, हे वाचकाला दुसऱ्या पुस्तकातून कळते.

समुद्रापारची रोपे जिवंत आणण्यावर साधारण दीडशे वर्षांत पुष्कळ लिहिले गेले: सूचनापुस्तके, प्रवासवर्णने, अहवाल, पत्रे. या लेखनाचे वाचन बहुधा वनस्पतिशास्त्राचा नाहीतर साम्राज्याचा इतिहास म्हणून होते. मला ते वाङ्मय म्हणून वाचावेसे वाटले. वाचताना मनाशी एकच साधा प्रश्न धरला होता: जहाजावर या रोपांना पाणी कोणी घातले?

आधी अडचण काय होती ते थोडक्यात. बी पाठवणे सोपे. पण चहा, रबर, ओक यांचे बी थोड्याच दिवसांत उगवणशक्ती गमावते. म्हणजे रोपच न्यायला हवे. रोपाला उजेड हवा म्हणून ते डेकवर ठेवावे, तर खाऱ्या पाण्याचे तुषार पाने जाळतात. तुषारांपासून वाचवायला जहाजाच्या पोटात ठेवावे, तर अंधारात ते पांढरे पडून मरते. चीनहून लंडनला येणारे जहाज आफ्रिकेला वळसा घालून येई, म्हणजे विषुववृत्त दोनदा ओलांडी. त्यात उंदीर, आणि कातावलेले खलाशी. जहाजावर गोडे पाणी ही सर्वांत मोलाची वस्तू, आणि रोपाला रोज हवे असते तेच.

१७७० साली जॉन एलिस या लंडनच्या व्यापारी-निसर्गअभ्यासकाने पूर्वेकडून बिया आणि रोपे जिवंत आणण्याच्या सूचनांची एक पुस्तिका काढली. चीनहून आलेल्या बियांपैकी पन्नासात एखादीच फळते, अशी त्याची तक्रार होती. बिया मेणात कशा बंद कराव्यात, रोपांच्या पेट्या कशा असाव्यात, जाळी कुठे आणि झडप कुठे, हे तो सुताराला समजेल इतके नेमके सांगतो. पुस्तिका चांगली आहे. व्यवहारी माणसाचे गद्य कसे असावे याचा नमुनाच. तिच्यातली काही पाने मी स्वतःपुरती मराठीत उतरवून पाहिली, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. इंग्रजीतले आज्ञार्थ मराठीत आपसूक ‘-आवे’ होतात. झडप उघडावी. पाणी शिंपडावे. खारे तुषार पुसून काढावेत. आपल्या विध्यर्थाची ही जुनी सोय आहे. काम सांगितले जाते आणि करणारा वाक्यातून निघून जातो. इंग्रजी आज्ञार्थात निदान एक न उच्चारलेला ‘तुम्ही’ असतो. पण असली पुस्तके ज्यांच्यासाठी लिहिली जात, ते कप्तान आणि जहाजावरचे डॉक्टर काही हाती झारी घेणारे नव्हते. मूळ इंग्रजीतही करणारा गळलेलाच होता. मराठीत ते नुसते उघडे पडले.

पुढची पन्नास वर्षे या सूचनांनी फारसे काही साधले नाही. १८१९ साली मकावहून जॉन लिव्हिंग्स्टन या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरने लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात हिशेब मांडला: चीनहून पाठवलेल्या हजार रोपांमागे एक जगते, आणि सगळा खर्च धरला तर जगलेले प्रत्येक रोप तीनशे पौंडांहून महाग पडते. हा अदमास आहे, मोजणी नव्हे. पण त्या व्यवहारात मुरलेल्या माणसाला आकडा एवढा वाटावा, यातच परिस्थिती कळते.

मधल्या काळात एक मोठा उद्योग झाला. ज्या गोष्टीत माळ्यांची नावे शिल्लक राहिली, ती हीच. वेस्ट इंडीजच्या ऊसमळ्यांवरील गुलामांना स्वस्तात पोटभर खायला मिळावे म्हणून ताहितीहून नीरफणसाची रोपे न्यायची, असे ठरले. (कोकणात आणि गोव्यात आपण ज्याचे काप तळतो, तोच हा नीरफणस.) विल्यम ब्लाय याच्या हाताखाली ‘बाउंटी’ जहाज निघाले. कप्तानाची मोठी केबिन रोपांसाठी रिकामी केली होती. तिथे भोके पाडलेली फळ्यांची जमीन करून त्यांत कुंड्या बसवल्या होत्या. खाली शिशाचा पत्रा होता, म्हणजे निथळलेले पाणी नळीने पिंपात जमा होऊन पुन्हा वापरता येई. ताहितीत पाच महिने मुक्काम झाला. एप्रिल १७८९ मध्ये जहाज निघाले तेव्हा त्यावर ७७४ कुंड्या, ३९ टब आणि २४ पेट्यांमध्ये १,०१५ रोपे होती. आकडे ब्लायच्याच पुस्तकातले. त्याचे गद्य हिशेबाच्या वहीसारखे असले, तरी या वहीत माळ्यांना जागा आहे.

माळी दोन होते. डेव्हिड नेल्सन हा क्यूच्या बागेतला, कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीवर जाऊन आलेला. आणि त्याचा मदतनीस विल्यम ब्राऊन. २८ एप्रिलला बंड झाले. बंडखोरांनी रोपे समुद्रात फेकली. नेल्सन ब्लायबरोबर उघड्या होडीत बसला आणि ती होडी तिमोरला पोचल्यावर थोड्याच आठवड्यांत, जुलैमध्ये, कुपांग इथे तापाने वारला. ब्राऊन बंडखोरांबरोबर राहिला आणि पुढे पिटकेर्न बेटावर मारला गेला. एकाच केबिनमधल्या रोपांना पाणी घालणारे दोन माळी दोन बाजूंना गेले. या बंडावर एवढे लिहिले गेले, चित्रपट निघाले, पण त्या दोघांच्या वाटांकडे कोणा कादंबरीकाराचे नीट लक्ष जाऊ नये याचे मला नवल वाटते.

१९६२ च्या ‘म्युटिनी ऑन द बाउंटी’ या चित्रपटात बंडाचा भडका पाण्यावरून उडतो. खलाशी तहानलेले आणि झाडांना मात्र पाणी. ब्लायच्या स्वतःच्या हकिकतीत हे कारण नाही. तो दोष ताहितीच्या स्त्रियांच्या ओढीला देतो. तरीही पटकथाकाराने ही कल्पना अगदीच हवेतून आणली असे म्हणवत नाही. ब्लायने १७९१ मध्ये ‘प्रॉव्हिडन्स’ जहाजातून हीच कामगिरी पुन्हा हाती घेतली. या जहाजावर मॅथ्यू फ्लिंडर्स हा तरुण उमेदवार अधिकारी होता, जो पुढे ऑस्ट्रेलियाचा किनारा मोजणारा म्हणून प्रसिद्ध झाला. त्याची आठवण अशी की माळी झाडांसाठी पाणी घेऊन जात तेव्हा पायऱ्यांवर सांडलेले थेंब तो आणि त्याचे सोबती आडवे पडून चाटत. द क्लियच्या पत्रातला नायक आपले पाणी स्वखुशीने देतो. फ्लिंडर्सच्या आठवणीत ते कोणाकडून तरी काढून घेतलेले आहे. रोपे जगवण्याच्या सगळ्या वाङ्मयात मला हा तपशील सर्वांत खरा वाटतो.

‘प्रॉव्हिडन्स’वर नीरफणसाची २,१२६ रोपे चढली, त्यांपैकी ६७८ वेस्ट इंडीजला जिवंत पोचली. ज्यांच्यासाठी आणली त्या गुलामांना नीरफणसाची चव रुचायला पुढे कित्येक वर्षे लागली. जेम्स वाइल्स आणि ख्रिस्तोफर स्मिथ हे दोन माळी त्या जहाजावर होते. आणि ताहितीहून लपून चढलेला पाप्पो नावाचा एक माणूस, ज्याला खलाशी जॅकेट म्हणत. तो माळ्यांना मदत करू लागला. पुढे रोपांबरोबर जमैकाच्या बागेत राहिला आणि तिथेच त्याच वर्षी मरण पावला. त्या ६७८ झाडांना ताहितीच्या मातीपासून जमैकाच्या मातीपर्यंत ज्याने पाहिले, आणि नीरफणस ज्याच्या घरचे अन्न होते, असा माणूस हाच. त्याने काही लिहून ठेवलेले नाही.

यानंतर या वाङ्मयात काचेची पेटी येते आणि सगळा रागरंग पालटतो.

नॅथॅनियल वॉर्ड हा पूर्व लंडनमधल्या वेलक्लोज स्क्वेअरमध्ये राहणारा डॉक्टर. गिरण्यांच्या धुरामुळे त्याची नेचांची बाग जगत नसे. १८२९ मध्ये पतंगाचा कोश ओलसर मातीत ठेवून त्याने तो झाकणाच्या बाटलीत बंद केला. काही दिवसांनी मातीतून नेचाचे आणि गवताचे कोंब वर आलेले दिसले. मातीतला ओलावा दिवसा वर चढे, काचेवर जमे आणि पुन्हा मातीत उतरे. १८३३ मध्ये त्याने रोपे भरलेल्या दोन बंद पेट्या चार्ल्स मॅलार्ड या कप्तानाबरोबर ऑस्ट्रेलियाला पाठवल्या. रोपे सुखरूप पोचली. परतीला सिडनीहून तिकडची रोपे भरली. केप हॉर्नजवळ डेकवर बर्फ पडले, विषुववृत्तावर उन्हाने लाही झाली, पाण्याचा थेंब दिला नाही. तरी लंडनला पेट्या उघडल्या तेव्हा नेचे ताजे होते. हॅकनीच्या लॉडिजिस रोपवाटिकेच्या मालकाने पुढे म्हटले की पूर्वी त्याची वीसपैकी एकोणीस रोपे मरत, आता वीसपैकी एकोणीस जगतात.

वॉर्डचे पुस्तक १८४२ मध्ये आले. ते निगर्वी पुस्तक आहे आणि मला मनापासून आवडते. शहरातल्या गरिबांच्या खोलीत हिरवे काही असावे, ही तळमळ त्यात आहे. त्यासाठी त्याने वेगळे प्रकरणच दिले आहे. मळेवाल्यांनी पुढे त्या पेटीचे काय केले याचा भार या पुस्तकावर टाकणे अन्यायाचे होईल. पण ‘पाण्याचा थेंब दिला नाही’ या एका गोष्टीने नंतरच्या लेखकांची सोय केली. पाणी लागत नाही म्हणजे पाणी घालणाराही लागत नाही. माळी गेला, पेटी राहिली, आणि पेटीच नायक झाली.

वॉर्डच्या पुस्तकात मात्र त्या पहिल्या बाटलीचा शेवटही दिलेला आहे. ती जवळजवळ चार वर्षे खिडकीबाहेर टिकली. मग वॉर्ड परगावी असताना झाकण गंजले, पावसाचे पाणी आत शिरले आणि रोपे कुजली. बाटलीचा जन्म सांगणारे लेख पुष्कळ आहेत, मरण सांगणारे फार थोडे. झाकणाकडे बघायला घरी कोणी नव्हते म्हणून ती बाटली संपली. समुद्रावरच्या पेटीचेही तसेच. ती डेकवर उजेडात ठेवायला जागा मिळवावी लागे, दोरांनी आवळावी लागे, फुटलेली काच त्याच दिवशी बुजवावी लागे. पाणी वाचले, राखण नाही.

रॉबर्ट फॉर्च्युन हा या सगळ्या लेखकांत एकटा पेशाने माळी, एडिंबरोच्या बागेत शिकलेला. १८४६ मध्ये तो चीनहून १८ काचपेट्या घेऊन लंडनला परतला आणि दोन वर्षांनी कंपनीसाठी चहा आणायला पुन्हा गेला. त्याच्या १८५२ च्या पुस्तकात एक युक्ती सांगितली आहे. पेटीत तुतीची रोपे लावून त्यांच्या बुडाशी ओल्या मातीत चहाचे बी पेरायचे, वर मातीचा पातळ थर, आणि पेटी बंद. म्हणजे बी वाटेत मरण्याऐवजी वाटेत उगवते. सहारणपूरच्या बागेत पेट्या उघडून मोजली तेव्हा चहाची १२,८३८ रोपे भरली. (आसामचा चहा पुढे मुख्यतः तिथल्याच जंगली जातीवर वाढला, हे इथे सांगून ठेवायला हवे.) मातीविषयी लिहिताना फॉर्च्युनचे गद्य फार चांगले आहे, वाफसा कळणाऱ्या माणसाचे. माणसांवर आला की ते घसरते. चिनी वेषात आत शिरताना त्याच्याबरोबर दोन नोकर असतात. एकाला वांग हे नाव आहे, दुसरा पानेच्या पाने नुसता ‘कुली’. हा कुली त्याचे डोके भादरतो तेव्हा फॉर्च्युनच्या डोळ्यांतून पाणी येते, आणि प्रसंग विनोदी होतो. याच दोघांच्या जिभेवर आणि ओळखीवर हा परदेशी माणूस बंदी असलेल्या मुलखात जिवंत राहिला होता. पुस्तकात त्यांच्या वाट्याला भांडणे आणि फजितीच अधिक आली आहे.

आता आपल्याजवळ येऊ. क्लेमंट्स मार्कम हा पेरूतून सिंकोना हिंदुस्थानात आणायला १८६० मध्ये गेला. हिवतापावरच्या कोयनेलचे हे झाड. ‘पेरू आणि हिंदुस्थानातील प्रवास’ हे त्याचे पुस्तक १८६२ चे. त्यात महाबळेश्वरच्या डोंगरांवर आणि दख्खनवर एक प्रकरण आहे, म्हणून मराठी वाचकाने ते मुद्दाम पाहावे. मार्कमला इतिहासाची जाण आहे, भाषा ऐटबाज आहे, आणि न्याय एवढा करायला हवा की जंगलात सिंकोना ओळखणारा मारियानो मार्तिनेस हा सालकाढ्या त्याने नावानिशी नोंदवला आहे. पॅसिफिक ओलांडून थेट हिंदुस्थानात जायला त्याला जहाज मिळाले नाही. त्यामुळे पेट्या पनामा, साउदॅम्प्टन, इजिप्त, तांबडा समुद्र, मुंबई, कालिकत अशा फेऱ्याने उटकमंडला गेल्या. तांबड्या समुद्राच्या उष्म्याने रोपे करपली आणि उटीला पोचलेली जवळजवळ सगळी पुढे मेली.

त्याच काळात इक्वेडोरमध्ये आजारी रिचर्ड स्प्रूस आणि रॉबर्ट क्रॉस हा माळी लाल सालीच्या सिंकोनाची रोपे वाढवत होते. तराफ्यावरून नदीने खाली येताना झाडांच्या फांद्यांचे तडाखे पेट्यांना बसले. तरी ६३७ रोपे निघाली आणि क्रॉसने त्यांतली ४६३ उटीला जिवंत पोचवली. इथे माझ्या म्हणण्याला अडचण येते, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. मार्कमबरोबरही जॉन वियर हा माळी होता, आणि तो कामात कमी नव्हता. मग फरक कशाचा? लाल सालीची जात अधिक काटक होती. क्रॉस तांबडा समुद्र वसंतात ओलांडून गेला, मार्कम उन्हाळ्याच्या अखेरीस. म्हणजे हातांनीही सगळे होत नाही. पण पेटी दोघांचीही एकच होती, आणि वॉर्डच्या पेटीने सिंकोना हिंदुस्थानात आणला असे एका ओळीत लिहून टाकणाऱ्यांना मार्कमच्या मेलेल्या रोपांचा हिशेब द्यावा लागत नाही.

महाबळेश्वरला लिंगमळ्यालाही त्या दशकात सिंकोनाची लागवड करून पाहिली गेली. ती तगली नाही. आज धबधबा पाहायला जाणाऱ्यांना तिथे कधी कोयनेलची बाग होती हे माहीत नसते.

ल्यूक केओ या ऑस्ट्रेलियन इतिहासकाराचे वॉर्डच्या पेटीवरचे पुस्तक २०२० मध्ये आले. आजवर या विषयावर झालेल्या कामात ते सर्वांत दमदार. पेटीबरोबर माती गेली आणि मातीबरोबर कीड आणि रोग, हा भाग त्याने नीट उलगडला आहे. आधीच्या कौतुकपर लेखनात तो जवळपास नव्हताच. माळी आणि मजूरही त्याच्या पानांत भेटतात. पण उपशीर्षकात ‘साध्या पेटीने’ झाडे हलवली आणि जग बदलले. कर्ता पेटी. आत माणसे आणि मुखपृष्ठावर लाकूड-काच, ही तडजोड प्रकाशकाची असेल. वाचकाच्या मनात मात्र मुखपृष्ठ राहते.

रबराचे उदाहरण पाहावे. हेन्री विकमने १८७६ मध्ये ब्राझीलमधून सुमारे ७०,००० बिया आणल्या, त्यांतली जेमतेम चार टक्के क्यूच्या काचघरांत उगवली. ऑगस्टमध्ये १,९१९ रोपे ३८ पेट्यांतून सिलोनला निघाली. सोबत विल्यम चॅपमन हा माळी होता. बहुतेक रोपे जगली. त्याच वर्षी एक लहान पाठवणी सिंगापूरला गेली. तिथे जहाजभाडे कोणी भरायचे हे लंडनच्या कचेरीत मिटले नव्हते, म्हणून पेट्या धक्क्यावर अडकून पडल्या आणि आतली रोपे मेली. दुसऱ्या वर्षी सिंगापूरला पुन्हा २२ रोपे पाठवावी लागली.